पोफळीचे पहारेकरी

श्रीवर्धनच्या वाडीत भर पावसात हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला दिसला, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. हा कोळेरोग. तो आणणारा फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा, पण कुळाने समुद्रातल्या तपकिरी शैवालांना जवळचा. 1845 साली आयर्लंडमधला बटाटा कुजवला तो याच्याच भाऊबंदाने. पाण्यात पोहणारे त्याचे बीजाणू काही दिवसांत नवी पिढी उभी करतात. पोफळ मात्र पहिली सुपारी धरायलाच पाच-सहा वर्षं घेते. या शर्यतीत झाड टिकतं कसं?

झाडाच्या अंगात रक्तातल्यासारखे फिरते शिपाई नाहीत. प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर आणि आतही ग्राही प्रथिनं असतात. शत्रूचा एखादा रेणू त्यांना चिकटला की बचाव सुरू होतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये पृष्ठभागावरच्या ग्राहींच्या एका मोठ्या कुटुंबाची सहाशेच्या वर जनुकं आहेत, भातात अकराशेच्या वर. त्यांतली काही वाढीचे निरोप पोचवतात, पण भातातली जास्तीची बरीचशी राखणीच्या कामातली.

ती वाढली जनुकांच्या नकलांतून. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची अदलाबदल थोडी सरकली, की एकाच्या जागी दोन जनुकं शेजारी-शेजारी बसतात, चाळीतल्या खोल्यांसारखी. एक जुनं काम सांभाळतं, दुसरं बदलायला मोकळं. बहुतेक नकला वाया जातात. एखादी नवा शत्रू ओळखायला शिकते.

मग झाडं पहारेकरी वाढवतच का जात नाहीत? कारण त्यांना पोसावं लागतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये आरपीएम-1 हे एकच राखणदार जनुक असलं, तर रोग नसताना बी सुमारे 9 टक्क्यांनी घटतं, असं 2003 मध्ये दिसून आलं. पेशीतल्या ग्राहींची एक अख्खी शाखा तर एकदल वनस्पतींच्या पूर्वजांनी गमावली. वाडीतली पोफळ, माड, केळ आणि शेतातला भात ही सगळी तिच्याविना जगतात.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या हजारो पोफळी मोडल्या. पुन्हा लागवड करताना भरघोस धरणाऱ्या एकाच झाडाची सुपारी रोपांसाठी घेण्याचा मोह होतो. मला ते धोक्याचं वाटतं. बियाणं अनेक निरोगी झाडांचं असावं. पोफळीच्या तुऱ्यात नर फुलं आधी उमलतात, मादी फुलं मागाहून, म्हणून पराग बहुधा दुसऱ्या झाडाचा येतो, आणि प्रत्येक रोपाला पहारेकऱ्यांचा थोडा वेगळा संच मिळतो.