मार्लिनचे आमिष : रंग की चाल?

हेमिंग्वेचा म्हातारा कोळी आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. ‘दि ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. त्या म्हाताऱ्याच्या गळाला लागलेला मासा म्हणजे मार्लिन. त्याच्या झुंजीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. परंतु असा मासा गळाला लागतो कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. म्हाताऱ्याने खऱ्या माशांची आमिषे ४० ते १२५ वाव खोल सोडली होती आणि तो वाट पाहत होता. आज अनेक बंदरांत निराळी रीत आहे. धावत्या बोटीमागे प्लॅस्टिकचे खोटे आमिष ओढीत नेतात. ज्याला वास नाही, चव नाही, अशा वस्तूवर शेकडो किलोंचा मासा झडप का घालतो आणि असे आमिष निवडावे कसे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्या किनाऱ्यावर ‘ट्रॉलर’ म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळे ओढणारी बोट. मार्लिनसाठी करतात ते ‘ट्रोलिंग’. त्यात जाळे नसते. पाण्याच्या पृष्ठभागाजवळून दोर आणि गळ ओढतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण होडीमागे दोर सोडून सुरमई गरवणे घरात जुनेच आहे. मार्लिनची रीत तत्त्वतः तीच. फरक माशाच्या आकाराचा आणि त्याच्या स्वभावाचा आहे.

मासा कसा आहे?

मार्लिन व सेलफिश ही एकाच कुळातली भावंडे. दोघांचाही वरचा जबडा भाल्यासारखा पुढे आलेला असतो. सेलफिशच्या पाठीवर शिडासारखा उंच पर असतो, म्हणून त्याचे हे नाव. मार्लिनमध्ये निळा, काळा, पट्टेरी असे प्रकार आहेत. काळ्या मार्लिनच्या शास्त्रीय नावातच ‘इंडिका’ हा शब्द आहे. हे मासे आपल्या अरबी समुद्रातही आहेत. आपल्याकडे ते बहुधा जाळ्यात किंवा अनेक गळांच्या लांब दोरावर सापडतात. निळ्या मार्लिनमध्ये मादी फार मोठी होते, नर तिच्या मानाने लहान राहतो. १९८२ साली हवाई बेटांतील कोना येथे धरलेला निळा मार्लिन ६२४ किलोंचा होता.

सेलफिश ताशी ११० किलोमीटर वेगाने पोहतो, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. २०१५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा त्याची झेप ताशी ३० ते ३६ किलोमीटरच्या पलीकडे जात नाही असे दिसले. आमिष निवडणाऱ्याला हे माहीत असणे उपयोगाचे आहे. मार्लिनसाठी बोट साधारणपणे ७ ते ९ नॉट, म्हणजे ताशी १३ ते १७ किलोमीटर चालवतात. इतक्या वेगाचे भक्ष्य माशाला सहज गाठता येते, पण निवांतपणे तपासून पाहायला सवड मिळत नाही. खोटे आमिष खपते ते याच घाईमुळे.

कोनाची देणगी

या आमिषांचा इतिहास कोनाशी जोडलेला आहे. हवाईच्या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला हे ठिकाण आहे. उंच ज्वालामुखी पर्वत व्यापारी वारे अडवतात, त्यामुळे तिथला समुद्र शांत असतो. आणि किनाऱ्यापासून काही मैलांतच पाणी हजार वावांहून खोल जाते. किनाऱ्याजवळ मोठा मासा आणि दिवसभर बोट चालवण्याजोगे पाणी, असा योग फार थोड्या ठिकाणी जुळून येतो. १९५९ सालापासून तिथे मार्लिनच्या स्पर्धाही भरू लागल्या.

सुरुवातीला तेथील तांडेल हाताशी येईल त्या वस्तूंची आमिषे करीत. नळाच्या पाइपचे तुकडे डोक्यासाठी आणि मोटारीच्या टायरमधील रबरी ट्यूब कापून तिची झालर, असा तो प्रकार. १९५० च्या सुमारास हेन्री ची नावाच्या कोनाच्या तांडेलाने पेल्यात राळ ओतून पारदर्शक डोकी बनवली. त्याच्या समोरचा भाग तिरका कापला, की आमिष पाण्यात विशिष्ट रीतीने हलते, असे आढळले. आज कारखान्यांत होणारी कितीतरी आमिषे या घरगुती प्रयोगाची वंशज आहेत.

डोके आणि चाल

आमिषाचे दोन भाग असतात. पुढे कठीण डोके आणि मागे म्हाकुळाच्या पायांसारखी प्लॅस्टिकची झालर. झालर डोळ्यांत भरते, पण आमिषाची चाल ठरते ती डोक्यामुळे. तिरक्या तोंडाचे डोके पाण्यात उजवी-डावीकडे झोके घेते. खोलगट तोंडाचे डोके पाणी ढकलते, आवाज करते आणि फेस उडवते. गोळीसारखे निमुळते डोके सरळ धावते. काही डोक्यांना भोके असतात. त्यांतून पाणी जाऊन बुडबुड्यांची रेघ उमटते.

चांगल्या आमिषाची एक खूण जाणकार सांगतात. ते वर येते, हवेचा घोट घेते, पुन्हा बुडते आणि मागे धुरासारखा बुडबुड्यांचा माग सोडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. जे सतत पाण्याबाहेर उड्या मारते किंवा नुसते गरगर फिरते, ते कितीही सुंदर असले तरी कामाचे नाही. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : आमिष बोटीच्या वेगाला आणि त्या दिवशीच्या समुद्राला मानवले पाहिजे. शांत पाण्यात खोलगट किंवा तिरके डोके उत्तम चालते. समुद्र खवळला किंवा वेग वाढवावा लागला, की निमुळते व वजनदार डोके बरे.

दुसरा नियम जागेचा. बोटीच्या मागे लाटांची रांग उठते. प्रत्येक आमिष एखाद्या लाटेच्या पुढच्या उतारावर ठेवतात, म्हणजे ते नीट दिसते आणि नीट चालते. मोठी, पाणी ढकलणारी आमिषे बोटीजवळ. लहान, सरळ धावणारी दूर. बोटीच्या दोन्ही अंगांना लांब काठ्या काढून दोर बाहेर धरतात, म्हणजे ते एकमेकांत गुंतत नाहीत आणि आमिषे फेसाबाहेरच्या स्वच्छ पाण्यात राहतात. म्हणून एकच आमिष एका जागी उत्तम आणि दुसऱ्या जागी निरुपयोगी ठरू शकते.

रंगाचे काय?

दुकानात गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते. मासा आमिष पाहतो ते बहुधा खालून, उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर. त्याला आधी जाणवतात ती आकृती, हालचाल आणि बुडबुडे. म्हणूनच पहाटे किंवा ढगाळ दिवशी काळी-जांभळी आमिषे लावण्याचा प्रघात आहे. त्यांची आकृती ठसठशीत उमटते. उन्हात निळी-रुपेरी किंवा हिरवी-पिवळी लावतात, कारण ती कुप्यासारख्या किंवा उडणाऱ्या माशांसारख्या भक्ष्याशी जुळतात. या माशांची नजर कमकुवत मुळीच नाही. त्यांच्या डोळ्यांजवळ मेंदू व डोळे ऊबदार ठेवणारे खास ऊतक असते. मार्लिनच्या नातलग तलवारमाशातील अशा ऊतकाचे वर्णन १९८२ साली प्रसिद्ध झाले. गार पाण्यातही त्यामुळे वेगाने हलणारी वस्तू टिपता येते. तात्पर्य, रंगाला महत्त्व आहे, पण ते चालीच्या नंतर.

गळ आणि माशाचा जीव

आमिष कितीही चांगले असले तरी गळ चुकला की सारे व्यर्थ. गळ फार जड झाला तर आमिषाची चाल मरते. फार लहान झाला तर डोक्याच्या आडोशाला त्याचे टोक झाकले जाते. गळाजवळचा दोर अति जाड असला, तरी आमिष आखडते. सेलफिशचा भाला बारीक आणि तोंड लहान, म्हणून त्याच्यासाठी १५ ते २० सेंटिमीटरचे हलके आमिष पुरते. मोठ्या मार्लिनसाठी २५ ते ३५ सेंटिमीटरचे लागते. हे मासे भक्ष्यावर भाल्याचे तडाखेही मारतात. मग गळ कधी भाल्यावर आपटून निसटतो, आणि मासा ‘आला आणि गेला’ असे होते.

इथे प्रश्न केवळ शिकारीचा राहत नाही. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने या माशांच्या विक्रीला आळा घातला. हवाईच्या कोळ्यांच्या परंपरेला मात्र त्यात सवलत ठेवली. आज पुष्कळ लोक मासा धरून पुन्हा सोडून देतात. सोडलेला मासा जगावा, तर गळ तोंडाच्या कडेला लागायला हवा, पोटात नव्हे. धावते प्लॅस्टिकचे आमिष मासा सहसा गिळत नाही, हा त्याचा गुण. खरे मासे आमिष म्हणून लावले तर ते गिळले जाते. म्हणून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील स्पर्धांत अशा आमिषाला २००८ पासून आत वळलेल्या टोकाचा गोल गळ सक्तीचा आहे. खोट्या आमिषालाही दोनाऐवजी एकच गळ लावला, तर माशाला जखमा कमी होतात आणि बोटीवरच्या माणसाचा हातही वाचतो.

थोडक्यात सांगायचे, तर आमिष एकटे निवडता येत नाही. बोट, वेग, लाट, उजेड, दोर, गळ आणि मासा या सर्वांसह ते निवडावे लागते. हेन्री चीपाशी प्रयोगशाळा नव्हती. त्याच्यापाशी एक पेला होता, बोट होती आणि मागे वळून पाण्याकडे तासन्‌तास पाहण्याची सवय होती. आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलांचे असेच ज्ञान कागदावर फारसे आलेले नाही. कोणता दोर, कोणती गरी, कोणत्या वाऱ्याला, हे त्यांना विचारून आम्ही विद्यार्थ्यांनी लिहून काढले, तर पुढच्या अंकासाठी विषय शोधत बसावे लागणार नाही.