कर्त्याच्या शोधात

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस विद्यापीठाचा परिसर आहे. तिथल्या एमबीएसाठी स्नॅप ही परीक्षा द्यावी लागते: ६० मिनिटं, ६० प्रश्न आणि त्यांतले १५ इंग्रजीचे. आता याच तालुक्यातल्या कोळवण किंवा माले भागातला एखादा पदवीधर घ्या. त्याला तलाठी व्हायचं आहे. २०२३ साली झालेल्या तलाठी भरतीत १०० प्रश्न होते, २०० गुणांचे. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी व अंकगणित, प्रत्येकी २५. म्हणजे डोंगरावरच्या एमबीएला आणि खालच्या सजाच्या तलाठ्याला इंग्रजीचा वाटा सारखाच, बरोबर एक चतुर्थांश. प्रश्नांचे प्रकारही भाऊबंद शोभावेत असे: चूक शोधा, रिकामी जागा भरा, समानार्थी शब्द सांगा, वाक्प्रचाराचा अर्थ ओळखा. त्या भरतीत ४,६४४ जागा जाहीर झाल्या होत्या आणि अर्ज आले होते दहा लाखांहून जास्त. अशा गर्दीत एका ‘दॅन’ आणि ‘व्हेन’च्या गल्लतीवर निवड अडते.

तलाठ्याचं सारं काम मराठीत चालतं. सातबारा, फेरफार, वारसनोंद, पीकपाहणी, पंचनामा, यांतलं काहीही इंग्रजीत नसतं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियमालाही १९६४ पासून साठ वर्षं उलटून गेली. मग इंग्रजीचे ५० गुण कशाला, असा प्रश्न अभ्यासिकांमध्ये नेहमी निघतो आणि तो रास्त आहे. पण मुळशीपुरतं बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. हिंजवडी आणि माण ही आयटी पार्कची गावं याच तालुक्यातली. जिथे १९२१ साली टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात आज जमिनीचे व्यवहार मोठमोठ्या कंपन्यांशी होतात आणि इंग्रजी कागद गावापर्यंत येतो. तलाठ्याला तो वाचता आला तर ते गावाच्याच हिताचं. अडचण एवढीच, की परीक्षा त्याला असा कागद वाचायला लावत नाही. ती चार तुकड्यांत कापलेलं एक वाक्य पुढे ठेवते आणि कुठला तुकडा चुकला ते विचारते.

तरीही माझं ठाम मत आहे, की इंग्रजीच्या सगळ्या प्रश्नप्रकारांमध्ये मराठी माध्यमाच्या मुलाला सर्वांत न्याय देणारा प्रश्न हाच आहे. उतारावाचनात लहानपणापासून घरात इंग्रजी पुस्तकं असलेला मुलगा पुढे जातो. मुलाखतीत उच्चारांवरून माणूस जोखला जातो. यूपीएससीने २०११ साली पूर्वपरीक्षेत सीसॅट आणली, तेव्हा इंग्रजी उताऱ्यांवरून देशभर असंतोष झाला. २०१४ मध्ये ते प्रश्न गुणवत्तेतून वगळावे लागले आणि पुढच्याच वर्षी तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. वाक्यातली चूक शोधायला मात्र घरचं वातावरण लागत नाही, नियम लागतो. नियम कुणालाही शिकता येतो. आणि तो शिकण्याची निम्मी तयारी मराठी शाळेने आधीच करून दिलेली असते. हे मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्याच्या सदाशिव पेठेपासून पौडपर्यंत स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही टेबलावर दोन पुस्तकं हमखास दिसतात. एक मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ आणि दुसरं पाल आणि सुरी यांचं इंग्रजी व्याकरण. सकाळी वाळंबे, दुपारी पाल–सुरी. एकात कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग घोकले जातात, दुसऱ्यात ‘सब्जेक्ट–व्हर्ब ॲग्रीमेंट’चे नियम, तेही क्रमांकांसकट. क्लासमधली भाषाही तशीच: “सातवा रूल लावला की ऑप्शन सी उडतो.” ही दोन्ही पुस्तकं एकाच वेळी उघडी ठेवून अभ्यास करणारा विद्यार्थी मला क्वचितच दिसला. खरं म्हणजे दोन्ही प्रकरणांचा विषय एकच आहे: क्रियापद कुणाचं ऐकतं?

एक वाक्य जवळून पाहू. परीक्षेत येतं तसंच, पण मी रचलेलं. ‘द क्वालिटी ऑफ द रोड्स / इन अवर तालुका / आर व्हेरी पुअर / नो एरर.’ घाईत वाचणाऱ्याला इथे काहीच खटकत नाही, कारण क्रियापद येईपर्यंत कानात ‘रोड्स’ घुमत असतं आणि अनेकवचनाला ‘आर’ शोभतं. आता हेच मराठीत म्हणा: आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांची प्रत फार खराब आहे. ‘रस्त्यांची प्रत खराब आहेत’ असं आपल्याकडे शाळेत न गेलेली आजीसुद्धा म्हणणार नाही. का? ‘रस्त्यांची’ या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लागला आहे आणि षष्ठीतलं नाम क्रियापदावर हुकूम चालवू शकत नाही. हुकूम ‘प्रत’ या प्रथमेतल्या कर्त्याचा. इंग्रजीत षष्ठीचं हे काम ‘ऑफ’ करतो. फरक इतकाच, की आपला प्रत्यय नामाला मागून चिकटतो आणि ‘ऑफ’ नामाच्या पुढे उभा राहतो. त्यामुळे ते नाम मोकळं, प्रत्ययहीन दिसतं आणि क्रियापदाच्या शेजारी येऊन फसवतं. ‘ऑफ’नंतरचं नाम षष्ठीत आहे असं धरून ते वाक्यातून झाका. ‘क्वालिटी’ उरते, ‘इज’ हवं ते दिसतं. सातवा रूल आठवायची गरज पडत नाही.

‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ आणि ‘ॲज वेल ॲज’ हे मुलांना छळणारं त्रिकूटही असंच सुटतं. ‘मुलगा मित्रांसह आला’ या वाक्यात मित्र कितीही असोत, क्रियापद ‘आला’च राहतं, कारण ‘सह’ने मित्रांना बाजूला केलं आहे. ‘वन ऑफ द बॉय’ चूक आहे हे वेगळं पाठ करावं लागत नाही. आपणही ‘मुलांपैकी एक’ म्हणतो, ‘मुलापैकी एक’ कधीच म्हणत नाही. उलट मराठीचं व्याकरण या बाबतीत इंग्रजीपेक्षा किती तरी अवघड आहे. ‘तिने आंबा खाल्ला’, ‘तिने चिंच खाल्ली’, ‘तिने पेरू खाल्ले’ असं बोलताना आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं आणि ‘पोलिसांनी चोरांना पकडलं’ म्हणताना ते दोघांनाही सोडून एकटंच उभं राहतं. इतकी कसरत तीन वर्षांचं मूल लीलया करतं. इंग्रजी क्रियापद बिचारं एकाच कर्त्याचं ऐकतं. ज्याने प्रयोग हे प्रकरण समजून केलं आहे, त्याला इंग्रजीतला कर्ता शोधणं जड जाऊ नये.

मराठी पाय ओढते अशाही जागा आहेत, आणि त्या तर आधी सांगायला हव्यात. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ याचं इंग्रजी करताना मुलगा ‘आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टेन इयर्स’ लिहितो. दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आलेल्या. आपला ‘पासून’ हा ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींना चालतो. इंग्रजी तिथे सुरुवातीचा क्षण आणि मधला काळ वेगळे ठेवते, एकाला ‘सिन्स’ आणि दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय आपण साधा वर्तमान वापरून मोकळे होतो, इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. ‘तू अभ्यास करत नाहीस तोपर्यंत’ यातला ‘नाही’ मराठीत अटळ आहे, म्हणून ‘अनटिल यू डू नॉट स्टडी’ अशी वाक्यं जन्माला येतात. ‘अनटिल’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘त्याविषयी चर्चा केली’ वरून ‘डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘माझ्यापेक्षा सीनियर’ वरून ‘सीनियर दॅन मी’. ‘पाऊस आला तर’ म्हणताना तर आपण उद्याच्या पावसाला भूतकाळाचं रूप देतो; इंग्रजी वर्तमानाचं देते आणि विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये गोंधळून ‘इफ इट विल रेन’ लिहून बसतो.

आणि ‘ए’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे हा भाग सर्वांत उशिरा येतो, तोही वाचनानेच. पण पूर्ण अंधार नाही. ‘डॉक्टर बोलव’ आणि ‘डॉक्टरांना बोलव’ यांत मराठी माणसाला फरक कळतो: पहिल्यात कुणीही डॉक्टर, दुसऱ्यात आपले ठरलेले. तोच फरक ‘कॉल ए डॉक्टर’ आणि ‘कॉल द डॉक्टर’ यांत आहे. हा धागा फार लांब पुरत नाही, निर्जीव वस्तूंपाशी तुटतो, पण ‘द’ म्हणजे काय हे पहिल्यांदा समजायला पुरेसा आहे.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याची मांडणीच इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. शाळेत शिकलेल्या शब्दांच्या आठ जाती आणि इंग्रजीतले आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ जुळतात, ते त्यामुळेच. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या साऱ्याची कसून चिकित्सा केली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या: आधी शब्द, मग छोटी वाक्यं, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. त्या पाठमालेत चूक ओळखायची नव्हती, वाक्य घडवायचं होतं. ती मागे पडली आणि ‘मराठीत विचार करू नका’ हा उपदेश वर्गांमधून सुरू झाला. माझ्या मते गेल्या काही दशकांत मराठी मुलांच्या इंग्रजीचं यापेक्षा मोठं नुकसान दुसऱ्या कुठल्या सल्ल्याने केलं नसेल.

चुकीचं वाक्य छापून ते दुरुस्त करायला लावण्याची पद्धत इंग्लंडातली. न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेने १७४५ च्या आपल्या व्याकरणात मुद्दाम वाईट इंग्रजीची उदाहरणं सोडवायला दिली. तिच्यासमोर घरी इंग्रजीच बोलणारी मुलं होती, हे विसरून चालणार नाही. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ मध्ये शेक्सपियर आणि मिल्टनच्या लेखनातल्या चुका काढून दाखवल्या. लिंडली मरे यांचं व्याकरण १७९५ चं. दोन वर्षांनी त्यांनी सरावाचं स्वतंत्र पुस्तक काढलं, त्यात चुकीच्या वाक्यांचा मोठा भरणा होता. आपल्याकडे शंभरेक वर्षांत घरोघर पोचलेल्या ‘रेन अँड मार्टिन’मधले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथा त्यांचीच. बिनचूक इंग्रजीचा पाठ देणारा माणूस वाळवंटातल्या परदेशी पलटणीच्या गोष्टी लिहीत होता, हे मला विलक्षण लोभस वाटतं.

ज्या परीक्षेने ‘सेंटेन्स करेक्शन’ हा शब्द जगभर पोचवला, त्या जीमॅटने मात्र हा प्रकारच सोडून दिला. १९५४ पासून चालत आलेल्या या परीक्षेची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, तेव्हा वाक्यदुरुस्ती त्यात नव्हती. आपल्या कॅटमध्येही आता सरळ व्याकरणाचे प्रश्न विचारले जात नाहीत. उतारे आणि परिच्छेदांची जुळणी यांवर भर आहे. म्हणजे तलाठी भरतीचे पेपर महाराष्ट्रभर सुरू होते, त्याच वर्षी मोठ्या व्यवस्थापन संस्थांच्या दारावरून हा प्रश्न उतरत होता. त्यावरून ‘आपणही काढून टाका’ असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. जीमॅट देणारा आणि कोळवण खोऱ्यातून एसटीने पुण्याला येणारा उमेदवार एका रेषेवर उभे नाहीत. वाक्यदुरुस्ती काढून तिच्या जागी लांबलचक उतारे घातले, तर फायदा कुणाचा होईल हे २०११ नंतरच्या सीसॅटने दाखवून दिलं आहे. प्रश्न राहावा, पण तलाठ्याच्या परीक्षेत त्यातलं वाक्य करारनाम्यातलं, नोटिशीतलं, कंपनीच्या पत्रातलं असावं. एखाद्या अटीत ‘अनलेस’ दुर्लक्षित राहिला तर शेतकऱ्याचं काय होतं, हे त्या उमेदवाराला पुढे रोज पाहायचं आहे.

शाळेची बाजूही पाहायला हवी. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेलं मूल २०२३ च्या भरतीत अठ्ठावीस–एकोणतीस वर्षांचं होतं. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ही पहिली पिढी तेव्हा परीक्षेला बसत होती आणि तरी ‘सिन्स टेन इयर्स’ तिच्या कागदावर होतंच. वर्षं वाढली, पण मराठीच्या तासाला फळ्यावर आलेली विभक्ती इंग्रजीच्या तासाला पुसली गेली. बहुतेक शाळांत हे दोन तास दोन वेगळे शिक्षक घेतात आणि ते एकमेकांचं पुस्तक उघडत नाहीत. मुळशीतल्या एखाद्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एक दुपार एकत्र बसून वर सांगितल्यासारख्या पंचवीस–तीस जागांची यादी केली, तरी तालुक्यातल्या मुलांचं मोठं काम होईल. त्याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही.

घाई करायला कारणही आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल दोन वर्षं आधीच व्हायचा होता. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो पुढे गेला. आता मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रतेचा पेपर आहे, त्यात २५ टक्के मिळवावेच लागतात, नाहीतर पुढचे पेपर तपासण्यात अर्थ उरत नाही. तिथे चार तुकडे नाहीत, ‘नो एरर’चा पर्याय नाही. निबंध लिहायचा, सारांश काढायचा, आणि प्रत्येक ओळीत कर्ता कुठे आहे आणि क्रियापद त्याचं ऐकतंय का, हे लिहिणाऱ्याने स्वतःच पाहायचं.