इंजिन ऑइलचे ‘वजन’

‘ऑइल जेवढे जाड तेवढे चांगले’ असा समज पुष्कळ चालकांत आढळतो. तो तपासून पाहू.

ऑइलचे वजन म्हणजे किलोतले वजन नव्हे. तो त्याचा दाटपणा होय. डब्यावर २०डब्ल्यू-४० असे छापलेले असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा. दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते याचा.

मे महिन्यात दादरच्या गर्दीत टॅक्सी अडकली की समोरचा वारा थांबतो. रेडिएटरची सारी भिस्त पंख्यावर. ऑइल तापून पातळ होते. इंजिन मंद फिरत असल्याने ऑइलचा पंपही मंद. दाब उतरतो, क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमधला ऑइलचा थर विरळ होतो आणि धातूला धातू घासू लागतो.

मग सर्वांत जाड ऑइल घालावे काय? नाही. ते पहाटे गाडी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. गाडी जड चालते, इंधनही जास्त जाते. म्हणून पुस्तिकेत आपल्या हवामानासाठी दिलेला आकडाच पाळावा. ऑइलचा लाल दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. आमच्यासारखी ज्यांची चूल टॅक्सीवर पेटते, त्यांना इंजिनचे काम निघणे परवडत नाही.