सर्व्हर प्रोव्हिजनिंगमधील दोषनिवारण

सर्व्हर प्रोव्हिजनिंग म्हणजे कोऱ्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्कची मांडणी आणि आवश्यक सॉफ्टवेअर आपोआप बसवण्याची प्रक्रिया होय. कॉबलर, फोरमन, मास आणि एक्सकॅट ही या कामाची परिचित मुक्तस्रोत साधने आहेत. सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतील अलीकडच्या महासंगणकांत एक्सकॅट वापरले गेले आहे. अशी साधने बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी मूळ साधनातील नसून त्याच्या आधारसेवांच्या मांडणीतील असतात.

कार्यपद्धती

ही प्रक्रिया प्रामुख्याने इंटेलने पुरस्कृत केलेल्या पीएक्सई या मानकावर आधारलेली आहे. त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व्हर सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपी सेवेकडे आयपी पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबर बूट सर्व्हरचा पत्ता आणि बूट फाइलचे नाव मिळते. ती फाइल टीएफटीपीद्वारे उतरवली जाते, त्यानंतर कर्नेल येतो आणि शेवटी इन्स्टॉलर उत्तरफाइल वाचून काम पूर्ण करतो. रेड हॅट कुळातील लिनक्समध्ये या उत्तरफाइलला किकस्टार्ट, तर डेबियनमध्ये प्रीसीड म्हणतात.

दोष आणि त्यांची कारणे

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असल्याने शोधही त्याच क्रमाने घ्यावा लागतो. पडद्यावरील संकेतांक त्यासाठी उपयोगी पडतो.

* ‘पीएक्सई-ई५१’ : डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही. सेवा बंद असणे, फायरवॉलने ६७ क्रमांकाचे पोर्ट अडवणे किंवा सर्व्हर दुसऱ्या उपजालात असणे ही त्याची नेहमीची कारणे. डीएचसीपीची हाक राउटर ओलांडत नाही; त्यासाठी रिले लागतो.
* ‘पीएक्सई-ई५३’ : पत्ता मिळाला, पण बूट फाइलचे नाव मिळाले नाही. त्याच नेटवर्कमधील दुसऱ्या डीएचसीपी सेवेने, उदाहरणार्थ एखाद्या साध्या राउटरने, आधी उत्तर दिल्यासही असे घडते.
* ‘पीएक्सई-ई३२’ : टीएफटीपीशी संपर्क झाला नाही. येथे ६९ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट तपासावे.

कॉबलरमध्ये ‘सर्व्हर’ आणि ‘नेक्स्ट सर्व्हर’ या नोंदींची मूळ किंमत १२७.०.०.१ असते. हा पत्ता प्रत्येक यंत्राच्या दृष्टीने ‘मी स्वतः’ असा असल्याने नवा सर्व्हर फाइल स्वतःकडेच मागतो. तेथे बूट सर्व्हरचा खरा पत्ता लिहून ‘कॉबलर चेक’ आणि ‘कॉबलर सिंक’ या आज्ञा चालवाव्या लागतात. जुन्या बायोससाठी असलेली बूट फाइल यूईएफआय यंत्राला दिल्यासही प्रक्रिया थांबते. दोहोंसाठी वेगळ्या फाइल लागतात.

दूरस्थ ठिकाणांचा प्रश्न

भंडारा जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र विकसित व होस्ट करते, आणि या केंद्राच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. संकेतस्थळ दुरून चालवणे सोपे असले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी बसवलेला सर्व्हर पुण्यातील बूट सर्व्हरवरून सज्ज करणे तितके सोपे नाही. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबते. ५० मेगाबाइटच्या फाइलचे सुमारे एक लाख तुकडे होतात. प्रत्येक फेरीला ३० मिलिसेकंद लागले, तर फाइल उतरायला सुमारे ५० मिनिटे लागतील; स्थानिक जालात फेरी ०.३ मिलिसेकंदांची असेल, तर हेच काम अर्ध्या मिनिटात होईल. जोडणीची क्षमता वाढवून हा विलंब कमी होत नाही. त्यामुळे भंडारा, तुमसर किंवा साकोली अशा ठिकाणी लहान स्थानिक बूट सर्व्हर ठेवणे, तुकड्याचा आकार वाढवणे किंवा आयपीएक्सईच्या साहाय्याने एचटीटीपीवरून फाइल उतरवणे हे उपाय योग्य ठरतात.

दक्षता

या प्रक्रियेतील सर्वांत गंभीर धोका विदा नष्ट होण्याचा आहे. किकस्टार्टमधील ‘क्लिअरपार्ट’ ही आज्ञा सर्व डिस्कांसाठी दिलेली असल्यास ती कोणतीही विचारणा न करता त्यांवरील विभाग पुसते. मॅक पत्ता चुकीचा नोंदला गेला, तर चालू सर्व्हरही पुढच्या रीबूटला कोरा होऊ शकतो. बूट क्रमात नेटवर्क पहिले असेल, तर नुकताच सज्ज झालेला सर्व्हर पुन्हा पुन्हा स्थापनेत शिरतो. कॉबलरमधील ‘पीएक्सई जस्ट वन्स’ ही सोय हे चक्र थांबवते. म्हणून सज्जीकरणाचे जाल दैनंदिन वापराच्या जालापासून वेगळे ठेवणे, पहिली चाचणी आभासी यंत्रावर घेणे आणि आधी विश्वासार्ह प्रतिलिपी घेणे आवश्यक मानले जाते.