ताटाभोवतीचा हिशेब
खाद्यलेखनातील नीतीचे काही प्रश्न

हिवाळ्यात संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या शेतात रोडग्यांचा बेत ठरतो. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून गोळे वळले जातात, गोवऱ्यांचा आर पडला की त्यात ते भाजले जातात. शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असते. राख झटकून रोडगा फोडायचा, त्यावर तूप किंवा तेल ओतायचे आणि पंगतीला बसायचे. समजा, या पंगतीत एक पाहुणा आला आहे. तो मोबाइलवर चित्रण करतो, चव घेतो, डोळे मिटून मान डोलावतो आणि संध्याकाळपर्यंत ‘अस्सल वऱ्हाडी रोडगे’ हजारो लोकांपर्यंत पोचवतो.

यात वावगे काही नाही. पाहुण्याला जेवू घालणे ही आपली रीत आहे आणि जेवल्यावर वाखाणणी करणे हीही. पण वाखाणणी छापून आली, तिच्यावर विसंबून लोक पैसे खर्च करू लागले, तिच्यातून एका प्रदेशाचे चित्र तयार होऊ लागले, की पाहुण्याचा लेखक होतो. लेखकाला ताटाभोवतीचे चार प्रश्न टाळता येत नाहीत : जेवणाचा खर्च कोणी केला, कृती कोणाची, ताटात काय वाढलेच गेले नाही, आणि लिहिल्याने कोणाचे काय बिघडेल?

खर्च कोणाचा?

पहिला प्रश्न सर्वांत जुना. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्रेग क्लेबॉर्न हे १९५७ साली खाद्यविभागाचे संपादक झाले. उपाहारगृहांच्या परीक्षणासाठी त्यांनी जी शिस्त घातली, ती पुढे त्या व्यवसायाचा दंडक झाली. ओळख न देता जायचे, एकापेक्षा अधिक वेळा जायचे आणि बिल वृत्तपत्राने भरायचे. फुकट जेवणारा खोटेच लिहितो, असे त्यामागे गृहीत नव्हते. मिंधेपणा शब्दांत कुठून शिरतो हे खुद्द लिहिणाऱ्यालाही कळत नाही, एवढेच ते शहाणपण होते.

आपल्याकडे कायद्याने याची दखल अलीकडे घेतली. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियम आणले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ती प्रभावकांसाठी अधिक सोपी करून सांगितली. पैसे, भेटवस्तू, फुकट मुक्काम किंवा जेवण, सवलत, अगदी मालकाशी नातेसंबंध असला तरी तो सहज दिसेल अशा जागी आणि सोप्या भाषेत सांगितला पाहिजे. दिशाभूल सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण कायदा जाहिरातीपुरता बोलतो. मोठ्या हॉटेलला प्रसिद्धीसाठी माणसे ठेवता येतात. बसस्थानकाबाहेर भजी तळणाऱ्याला तेवढा आधार नसतो. फुकट प्लेट मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची त्याची हिंमत होत नाही. एका दुपारी तेल जरा जास्त झाले म्हणून कोणी त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली, तर खुलासा करायला त्याच्याकडे व्यासपीठही नसते. म्हणून हॉटेलला लावायचा काटेकोरपणा हातगाडीला लावताना दुप्पट जबाबदारीने लावायला हवा. पैसे देऊन खावे, पुन्हा जाऊन खात्री करावी, आणि तरीही वाईटच लिहायचे असेल तर ते न लिहिल्याने वाचकाचे खरोखर काही नुकसान होणार आहे का, हे स्वतःला विचारावे. अस्वच्छता, भेसळ असेल तर लिहिलेच पाहिजे. आपल्या जिभेला रुचले नाही, एवढे कारण पुरेसे नाही.

कृती कोणाची?

मराठीत पाककृतींची पुस्तके छापली जाऊ लागली त्याला आता दीडशे वर्षे होतील. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या सर्व पुस्तकांच्या मागे कितीतरी स्वयंपाकघरांतले, बहुतेक बायकांच्या हातांचे, निनावी ज्ञान आहे.

हे ज्ञान कायद्याने कोणाचेच नसते. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कल्पना मांडणाऱ्या विशिष्ट रचनेला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात एका नाटकाच्या संदर्भात हेच तत्त्व स्पष्ट केले. त्यामुळे इतकी कणीक, इतके मीठ, इतके मोहन ही यादी कोणीही घ्यावी. दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये आणि काढलेली छायाचित्रे मात्र उचलू नयेत. चोरी आणि वारसा यांच्यातली कायद्याची रेघ ही अशी आहे.

नीतीची रेघ याच्या पुढे असते. कृती जिच्याकडून शिकलो तिचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणूनच तो केला की त्याला किंमत येते. शिवाय श्रेय दिल्याने माहितीही सुधारते. पूर्णेपलीकडच्या शेगावची कचोरी हे चांगले उदाहरण. तिला सर्रास ‘पारंपरिक वऱ्हाडी पदार्थ’ म्हटले जाते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर १९५० च्या दशकात ती विकायला सुरुवात केली, हा तिचा इतिहास. ‘पारंपरिक’ या एका सैल शब्दाने निर्वासित होऊन आलेल्या माणसाचे कष्ट पुसले जातात आणि परक्याला सामावून घेणाऱ्या गावाची गोष्टही हरवते.

ताटात काय नाही?

‘वऱ्हाडी थाळी’ म्हटले की ती कोणाच्या घरची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यपरंपरेवर पुस्तक लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. त्या नावातल्या एका ‘अ’ने आपल्या पाककृतींच्या कपाटातली रिकामी फळी दाखवून दिली. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती संकलित केल्या होत्या. भूक, उरलेले अन्न आणि जात यांना वगळून पाककृती लिहिता येत नाही, हे या कामांनी दाखवले.

वगळण्याचा दुसरा प्रकार अधिक गोड असतो. कण्या, आंबील, भाकरी-ठेचा यांचे ‘आरोग्यदायी साधे जेवण’ म्हणून कौतुक होते. ज्यांनी ते दुसरे काही नव्हते म्हणून खाल्ले, त्यांना हे कौतुक कसे लागत असेल?

संग्रामपूरपुरते बोलायचे तर ताटातून वगळली जाणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की तुरीची डाळ लवकर मऊ होत नाही, हे इथल्या कुठल्याही सुगरणीला ठाऊक असते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत आणि खाऱ्या पाण्याकडे त्याचे एक कारण म्हणून बोट दाखवले जाते. वान धरणाचे पाणी १४० गावांना देण्याची योजना आखावी लागली ती यासाठीच. या भागातल्या वरणावर लिहिणाऱ्याने हंड्याकडे पाहिलेच नाही, तर त्याचे लेखन खोटे नसले तरी अर्धे राहील.

कोणाचे काय बिघडेल?

वगळू नये म्हणून सगळेच उघड करावे, असेही नाही. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगलाच्या कडेच्या आदिवासी घरात शिजणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे ‘रानमेवा’ म्हणून चित्रण करणाऱ्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आठवण असायला हवी. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. दलित किंवा मुस्लिम घरातल्या चुलीविषयी लिहिताना जुनी आठवण आणि आजचे ताट यांत फरक ठेवला नाही, तर लेखकाला वाहवा मिळेल आणि पोलीस किंवा जमाव दुसऱ्याच्या दारात जाईल. अशा वेळी गावाचे नाव गाळणे, चेहरा न दाखवणे हे सत्याशी बेइमानी करणे नव्हे. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जपणे ते हेच.

या चारही प्रश्नांची उत्तरे मजकुराखाली दोन-तीन ओळींत मावतात. जेवणाचे पैसे कोणी दिले, किती वेळा गेलो, कृती कोणाकडून कळली आणि नाव तिच्या संमतीने छापले की तिच्याच इच्छेने गाळले. दिवाळी अंकांतल्या पाककृतींनाही ही चौकट लावायला हरकत नाही. एखादी कृती मसाल्याच्या कंपनीने पुरवलेली असेल तर वाचकाला ते कळू द्यावे.

आणि एक गोष्ट छपाईआधी करावी. रोडगे जिने थापले, तिला लिहिलेले वाचून दाखवावे. ती एखादे माप दुरुस्त करील, एखादे वाक्य काढायला सांगेल, कदाचित पाणी कुठून आणले ते लिहा म्हणेल. तसे ते लिहावे.