एका दारातल्या दोन हायब्रिड गाड्या

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांना एकाच गाडीत नांदविण्याची कल्पना आपण समजतो तितकी अर्वाचीन नाही. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात १९०० च्या सुमारास तशी एक गाडी सिद्ध केली होती व तिच्या चाकांच्या तुंब्यांतच मोटरी बसविल्या होत्या. परंतु पेट्रोल मुबलक मिळू लागले, शिशाच्या बॅटऱ्या अवजडच राहिल्या, आणि दोन भिन्न प्रकृतींच्या यंत्रांमध्ये क्षणोक्षणी मसलत घडवून आणील असे गणकयंत्र अद्याप जन्माला यावयाचे होते. त्यामुळे पुढे जवळजवळ शतकभर रस्त्यांवर एकट्या इंजिनाचाच अंमल राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटा कंपनीने जपानात प्रियस विक्रीस आणली तेव्हा ही कोंडी फुटली. त्याच महिन्यात त्याच कंपनीने हॅरिअर नावाची एक उंच, ऐसपैस गाडीही जपानी ग्राहकांपुढे मांडली होती, आणि तीच पुढील वर्षी लेक्सस आरएक्स ३०० या नावाने अमेरिकेत अवतरली. प्रियसचे तंत्र आणि आरएक्सचा देह यांचा संगम २००५ मध्ये झाला व आरएक्स ४००एच ही गाडी निघाली. उंच बांध्याची हायब्रिड गाडी फोर्डने आदल्याच वर्षी एस्केपच्या रूपाने काढली होती. तथापि ऐषआरामी गाड्यांच्या वर्गात पहिलेपणाचा मान निर्विवादपणे ४००एचचा आहे.

न्यू जर्सीतील आमच्या दारात या वंशाच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक २००८ ची ४००एच, दुसरी २०२३ ची पाचव्या पिढीतील ३५०एच. दोन्ही मी चालवितो, दोन्हींच्या पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवतो, आणि नवी आली म्हणून जुनी काढून टाकावी असे मला अद्याप वाटलेले नाही. या सहवासातून माझे जे मत बनले ते असे की, यंत्राच्या पोटात या दोन पिढ्यांमधल्या काळात जे घडले ती खरोखरीची प्रगती होय. चालकाच्या हाताशी जे घडले त्याला मात्र सरसकट प्रगती म्हणता येत नाही.

जुन्या गाडीचे अंतरंग समजून घ्यावयाचे तर आधी तिचा हेतू ध्यानात घ्यावा लागतो. ती काटकसरीसाठी जन्मलेली नव्हती. आठ सिलिंडरांचे बळ आणि चार सिलिंडरांचा खर्च, असा तिचा दावा होता, आणि त्यातील पहिल्या अर्ध्यावर तिच्या कर्त्यांचा भर अधिक होता. ३.३ लिटरचे सहा सिलिंडरांचे भरभक्कम इंजिन होते तसेच ठेवून त्याच्या जोडीला पुढच्या चाकांसाठी १२३ किलोवॉटची आणि मागच्या चाकांसाठी ५० किलोवॉटची अशा दोन मोटरी तिला देण्यात आल्या, आणि सगळ्यांची मिळून शक्ती २६८ अश्वशक्ती झाली. मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा पोलादी दांडा या गाडीत मुळातच नाही. तिथे फक्त नारिंगी वेष्टनाची जाड विद्युत्‌वाहिनी जाते, आणि चारही चाकांना बळ पुरविण्याचे काम एवढ्याने भागते. गाडी उचलून धरली असता खालून ती नारिंगी रेघ दिसते.

या सर्व रचनेचे मर्म ज्यात साठविले आहे ती वस्तू मात्र आकाराने लहान आहे. मध्यभागी सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे बाह्यवलय, अशी दंतचक्रांची ती एक योजना असते. ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन जोडलेले, सूर्यचक्राला जनित्र, आणि बाह्यवलयाला चाके व मुख्य मोटर. इंजिनाचे बळ या चक्रांत येताच त्याची आपोआप विभागणी होते : एक वाटा थेट चाकांकडे, दुसरा जनित्राकडे, आणि जनित्राचा वेग कमीजास्त केला की इंजिन आणि चाके यांच्या वेगांचे प्रमाण हवे तसे बदलता येते. म्हणून या गाडीला क्लच नाही, पायरीपायरीने बदलणारे गिअरही नाहीत. जी दंतचक्रे कोणत्याही घड्याळजीला नवलाची वाटू नयेत, त्यांनी संपूर्ण गिअरपेटी रद्द केली, हे मला आजही विसाव्या शतकातील अत्यंत देखण्या यांत्रिक विचारांपैकी एक वाटते. आणि विशेष असे की, माझ्या दोन्ही गाड्यांत, सर्व फेरफारांनंतरही, ही मूळ कल्पना अबाधित आहे.

बॅटरी मागच्या आसनाखाली असते. निकेल-मेटल हायड्राइड जातीचे २४० घट एकापुढे एक जोडून २८८ व्होल्टचा दाब तयार होतो, आणि एक वेगळे उपकरण तो ६५० व्होल्टपर्यंत चढवून मोटरींना पुरविते. या बॅटरीचा कारभार एखाद्या जुन्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखा चालतो : ब्रेकवर पाय पडताच चाकांच्या गतीतून वीज जमा होते, सिग्नल सुटताच ती नावे पडते, आणि शिल्लक कधी पूर्ण भरू द्यावयाची नाही, कधी तळाला जाऊ द्यावयाची नाही, असा संगणकाचा सक्त हुकूम असतो. या संयमामुळेच या बॅटऱ्या लोकांनी भाकीत केले त्याहून कितीतरी अधिक टिकल्या. शहरात थांबत थांबत जाणाऱ्या या गाडीला हमरस्त्यापेक्षा कमी पेट्रोल लागते, याचे कारण ब्रेकवर अशी परत मिळणारी वीज. आमच्या भागातील ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी किराण्यासाठी उसळणाऱ्या गर्दीत इतर गाड्या नुसत्या उभ्या राहून पेट्रोल जाळतात, तेव्हा माझी जुनी गाडी इंजिन बंद ठेवून मुंगीच्या पावलाने पुढे सरकत असते.

तिच्या इंधनखर्चाविषयी जे आकडे सांगितले गेले त्यांची हकिगत मात्र समजून घेण्याजोगी आहे. २००५ मध्ये या नमुन्याच्या काचेवर चिकटविलेल्या सरकारी पत्रकात गॅलनला शहरात ३१ आणि हमरस्त्यावर २७ मैल असे लिहिलेले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ पासून चाचणीची रीत अधिक वास्तव केली, थंडी, वातानुकूलन आणि वेगवान हाकणी यांचा हिशेब धरला, आणि त्याच गाडीचे आकडे विशीच्या मध्यावर उतरले. गाडीत काहीच बदललेले नव्हते. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वहस्ते पेट्रोल भरण्यास १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, त्यामुळे पंपावरचा माणूस नळी लावून जातो आणि आपल्याला आसनावर बसून असले हिशेब करण्यास थोडी फुरसत मिळते. माझ्या पावत्या सुधारलेल्या आकड्यांच्याच बाजूने साक्ष देतात.

आता नवी. तिचे इंजिन २.५ लिटरचे, चारच सिलिंडरांचे. मोटरी धरून एकूण शक्ती २४६ अश्वशक्ती, म्हणजे जुनीपेक्षा २२ ने कमी; आणि तरीही शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग गाठण्यास जुनीला ७.३ सेकंद लागतात असे कंपनी सांगत असे, तर नवीला ७.४. दोन सिलिंडर आणि पाऊण लिटरहून अधिक क्षमता वजा करूनही चालकाच्या पदरी तीच चपळाई पडते, आणि वर सरकारी पत्रकात गॅलनला सरासरी ३६ मैल असा दाखला मिळतो. हे कसे साधले? जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० नंतरच्या दशकात मांडलेल्या चक्राचा आधुनिक अवतार या इंजिनात आहे : झडप उशिरा मिटवून दाबण्याचा प्रवास आखूड आणि प्रसरणाचा लांब ठेवावयाचा, म्हणजे जळलेल्या वायूतील उष्णता धुराड्यातून वाया जाण्यापूर्वी तिच्याकडून अधिक काम वसूल करता येते. असे इंजिन कमी वेगाला दुबळे असते, आणि नेमका तोच दुबळेपणा मोटर भरून काढते. जुन्या गाडीच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात ही योजना नव्हती. ती या वंशात २००९ च्या आरएक्स ४५०एचपासून आली. नव्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्के असल्याचे टोयोटाने जाहीर केले आहे, आणि पेट्रोलच्या इंजिनाला हा आकडा किती दुर्घट आहे हे ज्याने औष्णिकीचा थोडाबहुत अभ्यास केला असेल त्याला वेगळे सांगावयास नको. बॅटरीची जात अद्याप निकेलचीच आहे; तथापि घटांच्या पत्र्यांची मांडणी नव्याने करून, एकाच पत्र्याची एक बाजू धन व दुसरी ऋण ठेवून, तिच्यातून वीज झपाट्याने काढण्याची सोय केलेली आहे.

दोघींची तुलना रस्त्यावर करावयाची तर डेलावेअर वॉटर गॅप ही खिंड ओलांडून पोकोनो डोंगरांच्या चढाला लागावे. चार माणसे आणि सामानसुमान घेऊन जुनी त्या चढावर जाते तेव्हा तिचे सहा सिलिंडर दबक्या, भरीव स्वरात काम करतात आणि आतले संभाषण खंडित होत नाही. नवी तोच चढ त्याच वेगाने चढते, पण तिच्या चार सिलिंडरांना आवाज चढवावा लागतो, आणि तो आवाज वेगाच्या मागेपुढे होत राहतो. सपाटीवर मात्र नवीचा तोल, वळणावरची तिची स्थिरता आणि ब्रेकवरच्या पायाला मिळणारा सलग, निर्मळ प्रतिसाद या गोष्टी इतक्या वरचढ आहेत, की तिच्यातून उतरून जुनीत बसल्यावर जुनीचा ब्रेक थोडा अडखळतो हे लगेच जाणवते.

आता चालकाच्या हाताशी काय आहे ते पाहू. जुनीत किल्ली फिरविली की काहीच वाजत नाही. समोर एक लहानसा दिवा लागतो आणि गाडी तयार असल्याचे सांगतो. इंजिनाचे फेरे दाखविणाऱ्या तबकडीच्या जागी किलोवॉट मोजणारा काटा आहे, आणि आपण पाय किती दाबतो त्याप्रमाणे तो डोलतो. या एका काट्याने मला मितव्ययाने गाडी हाकावयास शिकविले. हवा, पंखा, संगीत यांना खरी बटणे आहेत आणि ती अंधारातही बोटांना सापडतात. नवीत १४ इंची पडदा आहे. कंपनीने २००९ मध्ये पडद्यावर बाण फिरविण्यासाठी एक कळ आणि पुढे बोट घासावयाची पट्टी आणली होती; ती तऱ्हा सोडून स्पर्शाचा पडदा स्वीकारला हे योग्यच झाले. तापमानाच्या आणि आवाजाच्या फिरक्याही सुदैवाने राखल्या आहेत. परंतु पंख्याचा वेग आणि आसनाची ऊब पडद्याच्या आत गेली आहे, आणि जानेवारीतल्या बर्फात, हातमोजे घालून, रस्त्यावरची नजर काढून ती शोधावी लागणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने मला अनुचित वाटते. दरवाजाच्या विजेच्या कडीविषयी मात्र माझे मत अनुकूल आहे. मागून सायकलस्वार येत असल्यास ती दार उघडू देत नाही, आणि या एका तजविजीने कुणाचा जीव वाचत असेल तर दार उघडण्याची जुनी सवय मोडण्याचे श्रम सत्कारणी लागले म्हणावे.

आणखी एक भेद कानाला कळतो. जुनी वाहनतळावर संपूर्ण नि:शब्द सरकते. नवी हळू चालताना मुद्दाम एक गुणगुण करते, कारण अंधांना आणि पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि तो पुढे या गाड्यांना लागू झाला. नि:शब्दता मला प्रिय होती. तरीही कायदा न्याय्य आहे.

जुनी गाडी निर्दोष होती असे नाही. २००६ व २००७ च्या ४००एच गाड्या विजेचे रूपांतर करणाऱ्या उपकरणातील दोषामुळे २०११ मध्ये कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या होत्या, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याने ते काम झाल्याचा दस्तऐवज पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. बॅटरीची हमी तेव्हा आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची होती. २०२० पासून ती दहा वर्षे किंवा दीड लाख मैलांची झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला यांपैकी जुनी गाडी पाहावयास मिळण्याचा संभव थोडा, कारण लेक्ससने भारतात अधिकृतपणे दुकान मांडले ते २०१७ च्या मार्चमध्ये, आणि तेही ४५०एच घेऊन. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि अशा मोठ्या हायब्रिड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्क्यांचा बोजा पडला. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, तर निव्वळ विजेच्या गाड्यांवर ५. इंधन वाचविणाऱ्या यंत्राला इतके कठोर वागविणे मला पटत नाही. पाचव्या पिढीची ३५०एच २०२३ पासून तिथेही मिळते.

ज्यांना नवी गाडी घ्यावयाची आहे त्यांनी या वंशातील अधिक बलवान नमुन्यांच्या मोहात न पडता ३५०एचच घ्यावी. तिच्यात या तंत्राचा मूळ हेतू प्रथमच पूर्णत्वाने साकार झाला आहे. आणि ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना एक विनंती. मागच्या आसनाखाली बॅटरीला हवा पुरविणाऱ्या जाळ्या आहेत. त्यांत पोरांच्या बिस्किटांचा चुरा, केस आणि सतरंजीचे तंतू साठतात, हवा कोंडते आणि घट तापतात. वर्षातून दोनदा ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन त्या स्वच्छ कराव्यात आणि त्यांच्यापुढे सामानाच्या पिशव्या ठेवू नयेत.