मुलीचें स्वप्न आणि बापाची स्तुति

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यांत प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघानें नेपाळवर ७८ विरुद्ध ४० असा विजय मिळविला. तो सामना आम्हीं घरीं सर्वांनीं मिळून पाहिला. माझी कन्या तेव्हां सहाव्या इयत्तेंत होती. त्याच रात्रीं, हातांतला घास हातांतच ठेवून, तिनें जाहीर केलें कीं, आपणहि एके दिवशीं भारताकडून खेळणार. मीं हंसून म्हटलें, "खेळशीलच! तुझ्यासारखी चपळ पोर साऱ्या तालुक्यांत नाहीं." या उत्तराचा उत्तरार्ध मला पुढें फार महाग पडला.

पावसाळ्यांत शाळेचा संघ निवडला गेला; तींत तिचें नांव नव्हतें. घरीं येऊन ती एवढेंच बोलली, "बाबा, तुम्ही खोटें सांगितलेंत." त्या दिवसापासून तिनें मैदानावर जाणें सोडलें. १९४८ सालीं लंडनला सहावे आलेले खाशाबा जाधव चार वर्षांनीं हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले, ही हकीकत मीं तिला सांगितली. तिनें ती ऐकून घेतली, इतकेंच.

आत्मविश्वास म्हणजे आपण पालकांनीं मुलाच्या अंगावर चढवावयाचा अंगरखा, अशी माझी समजूत होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनीं १९७७ सालीं या विषयाची जी मांडणी केली, ती निराळी आहे. 'हें काम मला जमेल' ही भावना त्यांच्या मतें चार झऱ्यांतून येते: स्वतः तें काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्यास तें साधलेलें पाहणें, इतरांचा धीर, आणि त्या वेळची शरीरमनाची स्थिति. यांत पहिला झरा सर्वांत बळकट. दिल्लीच्या सामन्यानें दुसरा मोकळा केला होता. मी मात्र तिसऱ्यावरच सारी भिस्त ठेवून बसलों होतों, आणि तोहि धीर नव्हता, निव्वळ स्तुति होती! क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोडीं सोडविणाऱ्या कांहीं मुलांच्या बुद्धीची, तर कांहींच्या मेहनतीची वाहवा केली गेली. पुढें कठीण कोडीं अडल्यावर बुद्धीबद्दल वाखाणलेलीं मुलें लवकर खचलीं. मेहनतीबद्दल वाखाणलेलीं चिकटून राहिलीं.

आतां खोखोचाच विचार करा. आठ गडी एकाआड एक उलट दिशांस तोंडें करून मध्यपट्टीवर बसतात व नववा पाठलाग करतो. त्यानें एकदां दिशा धरली कीं, खांब गांठेपर्यंत ती बदलतां येत नाहीं, आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे शिरतांहि येत नाहीं. पळणारा पलीकडे गेला, तर पाठीमागून खो देऊन सोबत्यासच उठवावें लागतें. तो खो मिळण्यापूर्वीं बसलेला गडी उठला, तर नियमभंग होतो. माझ्या मुलीचें दुखणें नेमकें हेंच होतें: तिची चपळाईच तिला आवरत नव्हती. म्हणजे बापानें जिची थोरवी गाइली, त्याच गुणानें तिचा घात केला होता. आणि हें मला ठाऊकहि नव्हतें, कारण तिचा खेळ मीं कधीं धड पाहिलाच नव्हता.

मग मीं बोलणें कमी केलें. संध्याकाळीं अंगणांत ती उकिडवी बसे, मीं मागून कधीं लवकर, कधीं उशिरा खो द्यावा, आणि वीस वेळांत ती किती वेळां आधीं उठली तें धाकट्यानें खडूनें भिंतीवर मांडावें. पहिल्या दिवशीं सात रेघा पडल्या. महिन्याभरानें एक. त्या दिवशीं मीं शाबासकी देण्यासाठीं तोंड उघडलें, तोंच ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "उद्यां एकहि नको." दुसऱ्या आठवड्यांत ती आपण होऊन मैदानावर गेली.

यंदाची निवड पुढच्या महिन्यांत आहे. मीं पाहावयास येऊं का, असें तिला परवां विचारलें. "या," ती म्हणाली, "पण कांहीं बोलूं नका."